एक्झिक्युटिव्ह कोचिंगमुळे कामातील परिणामकारकता खरोखर वाढते का?

कंपनीने देऊ केलेले एक्झिक्युटिव्ह कोचिंग (म्हणजे व्यवस्थापक आणि अधिकाऱ्यांसाठी कोचसोबतची वैयक्तिक संवादसत्रे) घ्यावे का आणि त्याने कामात प्रत्यक्ष फरक पडतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चित पडतो. मात्र कोचकडून तयार उत्तरांची अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी येते, कारण सल्ला देणे हे सल्लागाराचे काम आहे, तर कोच प्रश्न विचारून उत्तर आपल्याकडूनच काढून घेतो.

"मला वेळच पुरत नाही" अशी तक्रार घेऊन एखादा व्यवस्थापक आला, तर चांगला कोच त्याला वेळेच्या नियोजनाचे धडे देत बसत नाही. तो मागच्या आठवड्याचे कॅलेंडर उघडायला लावतो आणि एकेका बैठकीवर बोट ठेवून विचारतो, "इथे तुम्ही नसता तर काय अडले असते?" तिसऱ्या-चौथ्या बैठकीपाशी तो व्यवस्थापक थबकतो, कारण अडचण वेळेची नसून हाताखालच्या माणसांवर काम सोपवण्याची आहे, हे त्याचे त्यालाच उमगते. त्या क्षणाची शांतता फार मोलाची असते. ती घाईने भरून काढणारा कोच मी तरी टाळेन.

निवड करताना इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या १९९५ साली स्थापन झालेल्या संस्थेचे प्रमाणपत्र पाहावे. तिच्या तीन श्रेणींसाठी अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २,५०० तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. शिवाय, सत्रात बोललेले वरिष्ठांपर्यंत किती पोहोचणार, हे पहिल्या भेटीआधीच लेखी ठरवून घ्यावे.