पडद्यावरच्या बापासाठी रडले, घरातल्या बापावर ओरडले

प्रिय लेकी,

तू लिहितेस, ‘शनिवारी फिल्म सोसायटीत “अस्तु” पाहिला. ओढणी ओली होईपर्यंत रडले. आणि रविवारी सकाळी आप्पांनी आठव्यांदा विचारलं, “शाळेची घंटा झाली का?” तेव्हा हातातली कढई ओट्यावर आपटली. माई, मी ढोंगी आहे का?’ आप्पा गणिताचे निवृत्त मास्तर, वय ७८, स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन दोन वर्षं झालेली. पुण्याचा भाऊ फोनवर ‘जेवले का?’ एवढंच विचारतो.

ढोंगी नाहीस गं. थिएटरात आठव्यांदा कुणी काही विचारत नाही, आणि कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या नसतात.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा तो सिनेमा मीही पाहिलाय. मोहन आगाशे यांनी रंगवलेले, आप्पांसारखाच स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्ती दिसला म्हणून पोरासारखे त्याच्यामागे निघतात आणि माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या आसऱ्याला पोचतात. ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. तू म्हणतेस, ‘परक्या बाईला जमलं ते मला पोटच्या लेकीला जमत नाही.’

तुझी गफलत इथेच होतेय. चन्नम्माला ते पंडित कधी माहीतच नव्हते. तिच्या दारात आला तो एक भांबावलेला म्हातारा. तुझ्यासमोर मात्र दोन आप्पा बसलेत: एक घड्याळ विसरलेले, आणि दुसरे, ज्यांनी तुझ्याकडून पावकी-निमकी घोकून घेतली. तू चिडतेस ती दुसरे परत येत नाहीत म्हणून. माणूस समोर बसून चहा पितंय, तेव्हा त्याचं सुतक कसं धरायचं? मग ते दुःख कढईवर निघतं. शिवाय चन्नम्माकडे ते थोडाच वेळ होते, तुझी दोन वर्षं झाली.

मी तर एकदा सासूबाईंवर ‘आत्ताच तर सांगितलं!’ म्हणून ओरडले होते. त्यांनी घाबरून माझीच माफी मागितली. अजून आठवलं की घास उतरत नाही.

आप्पा मुद्दाम विचारत नाहीत. नवी आठवण टिकतच नाही, त्यामुळे तुझा आठवा प्रश्न त्यांचा पहिलाच असतो. ‘तुम्ही रिटायर झालात’ हे पटवत बसू नकोस. ‘अजून वेळ आहे, चहा घ्या’ म्हण, नाहीतर शेंगा सोलायला दे. संध्याकाळी घालमेल वाढत असेल तर दिवे लवकर लाव. सदऱ्याच्या खिशात नाव आणि तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम असू दे, हत्ती काही सांगून येत नाही. आणि गोंधळ एकाएकी वाढला तर ‘आजारच तसा’ म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांना दाखव. साध्या लघवीच्या संसर्गानंही म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, फोन फुकट लागतो.

आता भाऊ. ‘त्याला हा सिनेमा दाखवू का?’ असं विचारतेस. मुळीच नको. तो रडेल, तुला लांबलचक मेसेज पाठवेल आणि त्याचं काम झालं. त्यापेक्षा त्याला तारखा सांग: ‘अमुक ते अमुक, आठ दिवस तू इथे राहायचंस, मी मैत्रिणीकडे जातेय.’ विनंती करू नकोस, कळव. तो म्हणेल, ‘आप्पांनाच पुण्याला आणतो.’ त्याला हो म्हणू नकोस, परक्या घरात त्यांची भांबावण वाढेल. त्यानंच यावं, त्याच ओट्यापाशी उभं राहावं आणि तोच प्रश्न आठ वेळा ऐकावा.

घंटेचं तू काय उत्तर ठरवलंस, ते मात्र मला कळव.

तुझी,
माई