मुलाखतीला जाशील तेव्हा

अगं, बालशिक्षण धोरणावरच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नांची यादी छान आहे, पण ती पिशवीतच ठेव. अंगणवाडीच्या सेविकाताईंना "धोरणाबद्दल तुमचं मत काय?" असं विचारलंस तर त्या प्रशिक्षणात ऐकलेलंच म्हणून दाखवतील. त्यापेक्षा विचार, "शेवटचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, तुम्हाला कळला कसा? मग केलंत काय?" गुहागरकडे एका ताईंनी उत्तरादाखल मोबाईलच पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर पर्यवेक्षिकेचा दोन ओळींचा निरोप. मूळ कागद त्यांनी कधी पाहिलाच नव्हता! माझ्या लेखनातलं अर्धं प्रकरण त्या दोन ओळींवर उभं राहिलं.

मग पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, जिल्हा परिषद असं खालून वर जा. मंत्रालय शेवटी. वरच्या लोकांची तारखांत गल्लत होते, मुद्दाम नव्हे. म्हणून १९७५ची एकात्मिक बालविकास सेवा योजना, २०१३चं बालशिक्षण धोरण, २०२०चं शैक्षणिक धोरण असा तक्ता समोर ठेव. तो बघून कुणी "छे, हे त्याआधीच ठरलं होतं" म्हणालं, की पेन उघड.

कोळीवाड्यातल्या मुलांच्या आयांना सकाळी गाठू नकोस, बंदरावर लिलाव असतो. आणि त्यांना वगळूही नकोस, सगळे वगळतात.

नाव गुप्त ठेवीन, हे वचन जपून दे. तालुक्याला प्रकल्प अधिकारी बहुधा एकच असतो. नुसतं "दापोलीतील एक अधिकारी" लिहिलंस तरी सगळी दापोली ओळखेल.