दोन पगारांचं कोचिंग: घ्यावं की थांबावं?

प्रश्न: माझं वय ३५. एका कंपनीत नऊ वर्षं विश्लेषणाचं काम करते. काम चोख असतं, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. गेल्या दोन वर्षांत माझ्या मागून आलेले दोघं टीम लीड झाले. यंदा आणखी एक जागा निघणार आहे. ती मिळाली तर हाती येणारा पगार १५ टक्क्यांनी वाढेल. त्यासाठी एका कोचचं सहा महिन्यांचं, २४ सेशनचं पॅकेज बघितलंय. फी माझ्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढी आहे. शुक्रवारपर्यंत एकरकमी भरली तर २० टक्के सूट, म्हणजे दोन पगार. नाहीतर बारा विनाव्याज हप्ते. दरमहा पगाराच्या २० टक्के शिल्लक पडते आणि अडीअडचणीसाठी चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला आहेत. ते मोडू का? कोच म्हणतात, स्वतःवर खर्च करायला कचरणं हीच आत्मविश्वास नसल्याची खूण आहे. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हाही त्रास आहे. ओळखीच्यांकडे मिळून महिन्याच्या पगाराएवढे उसने पैसे अडकलेत. कोचिंगने हेही सुटेल असं वाटतं. मोठं प्रेझेंटेशन असलं की आदल्या रात्री झोप लागत नाही; दोनदा तर आजारपणाची रजा टाकली.

उत्तर: कोचिंग घ्या, पण हे पॅकेज घेऊ नका. अडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावू नका आणि हप्त्यांवर तर मुळीच जाऊ नका.

आधी हप्त्यांचं बघू, कारण तिथला हिशोब सरळ आहे. एकरकमी भरणाऱ्याला जी गोष्ट ८० ला मिळते, ती हप्त्याने घेणाऱ्याला १०० ला मिळत असेल, तर मधले २० म्हणजे व्याजच. त्याला नाव काहीही द्या. आज ८० ची वस्तू घेऊन बारा महिने ८.३३ भरत गेलात, तर दर महिन्याला साधारण ३.६ टक्के पडतो, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांच्या आसपास. शिवाय प्रत्येक हप्ता तुमच्या पगाराच्या जवळपास २१ टक्के होतो आणि तुमची शिल्लक आहे २० टक्के. वर्षभर एक पैसाही बाजूला न टाकता वर थोडी ओढाताण.

एकरकमी भरलंत तर व्याज वाचेल, पण गंगाजळी चार महिन्यांच्या खर्चावरून दीड महिन्यावर येईल आणि भरून यायला दहा महिने लागतील. नोकरीत बदल घडवायला निघालेल्या माणसाने नेमका हाच काळ उघड्यावर काढू नये. बॉसशी मोकळं बोलायचं, जास्त मागायचं, वेळ आली तर दुसरीकडे अर्ज करायचा, या सगळ्याला मागे पैसे असले की बळ येतं. ते मोडून आत्मविश्वास विकत घ्यायचा, हा व्यवहार मला उलटा वाटतो.

आता परताव्याकडे. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण हिशोब मनात असा असणार: पगार १५ टक्क्यांनी वाढला की दोन पगारांची फी तेरा-चौदा महिन्यांत वसूल. कोचकडच्या विक्रीच्या बोलण्यातही बहुधा हेच गणित असतं. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कोचिंग घेतलं तर बढती नक्की आणि नाही घेतलं तर नक्की नाही. दोन्ही खरं नाही. नऊ वर्षांचं चोख काम जमेला असताना तुमची शक्यता शून्य कशी असेल? समजा ती आज ४० टक्के आहे आणि कोचिंगमुळे ६० टक्के होईल. म्हणजे फीच्या बदल्यात तुम्ही विकत घेताय फक्त मधले २० टक्के. १५ टक्के वाढीचे २० टक्के म्हणजे दरमहा पगाराचे ३ टक्के. त्या वेगाने दोन पगार वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात. दोन वर्षांत वसुली हवी असेल तर कोचिंगने तुमची शक्यता ५५ टक्क्यांनी वर न्यायला हवी, म्हणजे ४० वरून थेट ९५ वर. एवढी ताकद मी तरी कुठल्याच पॅकेजमध्ये धरणार नाही.

४० आणि ६० हे आकडे मी अंदाजाने घेतलेत. तुमचे वेगळे असतील. तेच घालून बघा. पुढच्या सगळ्या पगारवाढी वाढलेल्या पगारावर मिळतील, त्यामुळे दीर्घकाळात चित्र याहून थोडं बरं दिसेल. बोलण्याची सवय पुढच्या नोकरीतही कामाला येईल. तरीही फी कमी असली की कमी परिणामातही वसूल होते आणि फी मोठी असली की चमत्कारच व्हावा लागतो, हे बदलत नाही. म्हणून मी फीवर घासाघीस करा म्हणत नाही, खरेदीच लहान करा म्हणतोय.

कोचिंगला माझा विरोध आहे असं समजू नका. जगभर मानली जाणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ मध्ये सुरू करणारे थॉमस लेनर्ड आधी आमच्याच धंद्यात, आर्थिक नियोजनात होते. मला यात नवल वाटत नाही. पैशांचा कागद घेऊन आलेल्या माणसाचा अर्धा प्रश्न कागदाबाहेरच असतो.

प्रश्न आहे तो कोचिंग कुठल्या वाटेने काम करतं याचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम मांडले: स्वतः करून पाहिलेली गोष्ट, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची अवस्था. त्यांत सर्वांत जोरकस पहिला. कोचचं प्रोत्साहन बसतं तिसऱ्यात. खोलीत छान वाटतं, पण सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी टोकलं की ते फार टिकत नाही. चांगला कोच हे जाणतो. तो तुम्हाला धीर कमी आणि कामं जास्त देतो: या आठवड्यात एक प्रश्न विचारा, पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं आकडे मांडा, मग येऊन सांगा काय झालं. तुमच्या पैशांची किंमत दोन सेशनच्या मधल्या दिवसांत ठरते. त्यामुळे सेशन किती, यापेक्षा मधल्या दिवसांत तुम्ही काय करणार, हे आधी विचारा. २४ सेशन आणि मध्ये करायला काहीच नाही, यापेक्षा चार सेशन आणि चार खरी कामं मला केव्हाही स्वस्त वाटतात.

‘आत्मविश्वास वाढवणे’ हे उद्दिष्ट म्हणून माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ते पूर्ण झालं हे ओळखायचं कसं? ‘दर सोमवारच्या मीटिंगमध्ये निदान एकदा बोलणे’ हे बसतं. ‘तिमाहीचा अहवाल मी स्वतः मांडणे’ हेही बसतं. त्याआधी एक फुकटचं काम करा: बॉसची वेळ मागा आणि सरळ विचारा, टीम लीडच्या जागेसाठी माझ्यात नेमकं काय कमी दिसतं? उत्तर ‘तू बोलत नाहीस’ असंच येईल हे तुम्ही धरून चालला आहात. कदाचित येईलही. पण उत्तर ‘ग्राहकांशी थेट काम केलेलं नाही’ किंवा ‘तुला ही जागा हवी आहे हेच माहीत नव्हतं’ असं आलं, तर दोन पगार भलत्याच दुखण्यावर गेले असते. त्याच भेटीत हेही विचारा की प्रशिक्षणासाठी कंपनीकडे काही तरतूद आहे का. बऱ्याच कंपन्यांत ती असते आणि मागितली नाही म्हणून तशीच पडून राहते. कंपनीने खर्च उचलला तर माझं वरचं निम्मं गणित लागूच होत नाही. एकच खबरदारी: कोच तुमचं बोलणं कंपनीला किती सांगणार, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या.

झोप न लागणं आणि रजा टाकणं हे मात्र मी वेगळं काढतो. बैठकीत थोडं बुजणं हे कोचचं काम आहे. भीतीने रात्र जागून काढणं आणि प्रसंगच टाळणं, हे वारंवार होत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक गाठा. अशा भीतीवर विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती आहे आणि तिचा उपयोग अभ्यासांतून दिसून आलेला आहे. आरोग्य विम्यात हा खर्च बसतो का, तेही पॉलिसी काढून बघा. कोचची फी सहसा बसत नाही. बहुतेक देशांत ‘कोच’ ही पाटी लावायला परवाना लागत नाही, उपचार करायला लागतो. तुमच्या कोचने पहिल्या फोनवर झोपेबद्दल काही विचारलं का? पत्रात तसा उल्लेख नाही.

आता कोचच्या त्या वाक्याबद्दल. ‘खर्चाला कचरणं हीच खूण’ या बोलण्यात ग्राहकाने हो म्हटलं तरी विक्री आणि नाही म्हटलं तरी दोष ग्राहकाचाच. नाही म्हणता येत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला शुक्रवारची मुदत देणारा माणूस तिला नाही म्हणायला शिकवेल का, याची मला शंका आहे. निदान माझ्या नजरेत हा माणूस तिथेच उतरला. मुदत जाऊ द्या. दोन ओळी पुरतात: ‘मी आत्ता पॅकेज घेत नाही. सुटी सेशन देत असाल तर दर कळवा.’ कारणं देत बसू नका, दिलेल्या प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे उत्तर तयार असेल.

ते सुटी सेशन देत नसतील तर देणारे दुसरे शोधा. निवडताना प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष अनुभव विचारा. वर सांगितलेल्या फेडरेशनची पहिल्या पायरीची मान्यता मिळायला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, मधल्या पायरीला १२५ आणि ५००, सर्वांत वरच्या पायरीला २०० आणि २,५००. मान्यता म्हणजे हमी नव्हे, पण शून्य तासांचा माणूस त्यामुळे गाळला जातो. प्रत्यक्ष सेशन तेच घेणार की त्यांचा सहायक, मध्येच थांबलात तर किती पैसे परत, सेशन रद्द झालं तर काय, एवढं लेखी घ्या. यशस्वी झालेल्यांचे व्हिडिओ बघून ठरवू नका; ज्यांचं काहीच झालं नाही ते व्हिडिओ करत नाहीत.

सुट्या सेशनचा दर पॅकेजपेक्षा जास्त असणार. पॅकेजमध्ये एक सेशन तुमच्या पगाराच्या साधारण १० टक्क्यांत पडतं, सुटं १२ टक्क्यांना धरू. चार सेशनची फी अर्ध्या पगाराच्या आत बसते. अडीच महिन्यांची शिल्लक झाली आणि जुन्या पैशांना हातही लागला नाही. वरचाच अंदाज लावला तर ही रक्कम सोळा महिन्यांत वसूल होते. चार सेशनने २४ इतका परिणाम होणार नाही हे उघड आहे, तेव्हा परिणाम निम्मा धरा: बत्तीस महिने. तरीही साडेपाच वर्षांपेक्षा बरं, आणि चुकलंच तर नुकसान अर्ध्या पगाराचं, दोन पगारांचं नाही. पैसे आधीच भरले असले की माणूस उपयोग होत नसतानाही ‘आता भरलेत तर’ म्हणून जात राहतो. सुट्या सेशनला हा मोह कमी.

बोलण्याचा सराव याहून स्वस्तातही मिळतो. १९२४ मध्ये सुरू झालेल्या टोस्टमास्टर्ससारख्या संस्थांचे क्लब कितीतरी देशांत आहेत. तिथे आळीपाळीने उभं राहून बोलावंच लागतं आणि वर्गणी कोचच्या फीच्या मानाने किरकोळ असते. बँड्युरांच्या यादीतले पहिले दोन्ही उगम तिथे आहेत: स्वतः बोलायचं आणि आपल्याइतक्याच घाबरलेल्यांना बोलताना बघायचं. जागा निघायला वेळ असेल तर मी सुरुवात इथूनच करायला सांगेन.

राहिले उसने पैसे. तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला आकडा हाच, कारण तो तुमचाच आहे आणि चार सेशनच्या दुपटीहून जास्त आहे. त्यांतल्या सर्वांत लहान रकमेपासून सुरुवात करा. तारीख घालून निरोप पाठवा: ‘अमुक तारखेपर्यंत एवढे परत हवेत, एकदम जमत नसेल तर दोन भागांत चालतील.’ सगळे परत येतील असं मी म्हणत नाही. काही बुडीत धरावे लागतील. जे येतील त्यांतून कोचची फी द्या. नव्याने उसने देणं बंद, आणि हे पहिल्याच सेशनचं काम म्हणून कोचसमोर ठेवा. बढती मिळो न मिळो, या खात्यातला फायदा मात्र मोजता येतो.

चार सेशन झाली की तीन गोष्टी बघा: किती मीटिंगमध्ये बोललात, बॉसने सांगितलेल्या उणिवांपैकी कशावर हात घातलात, आणि किती पैसे परत आले. तिन्हींत काहीच हललं नसेल तर तिथेच थांबा. हललं असेल तर पुढे महिन्याला एकच सेशन ठेवा. त्यात पगाराचे १२ टक्के जातील आणि ८ टक्के शिल्लक पडतच राहील.