मिनी ट्रॅक्टरला थंडीसाठी घरगुती केबिन: आधी इंजिनची ऊब वापरा

भाऊ, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेत पहाटे फवारणीचा ब्लोअर चालवताना हात काकडतात, वरून फवाऱ्याचा ओलावा अंगावर येतो, म्हणून मिनी ट्रॅक्टरला अँगल आणि जुन्या जीपच्या काचा लावून बंद केबिन करायची आणि ती रोल बारलाच, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी कमानीलाच, वेल्डिंग करायची, असा तुमचा बेत आहे. मी तासगाव भागात द्राक्षातच आहे, अशा केबिनी बांधल्यात आणि वापरल्यातही. केबिन जरूर करा, पण रोल बारला वेल्डिंग नको आणि काचही नको.

रोल बारला वेल्डिंग सोडाच, ड्रिलसुद्धा लावू नका. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारी तेवढी एकच वस्तू आहे. वेल्डिंगच्या आचेने तिथल्या लोखंडाचा गुण बदलतो, मग कंपनीने तपासून दिलेली ताकद उरली की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. चौकट यू-क्लॅम्पने आवळा, मध्ये रबराची पट्टी घाला. बार घडीचा असेल तर त्याची बिजागरी मोकळी राहू द्या. आपली केबिन हा फक्त आडोसा आहे, उलटल्यावर ती काही धरणार नाही. बार उभा असेल तेव्हा सीटबेल्ट लावायचाच, आणि वेलींच्या मांडवाखाली बार पाडला असेल तेव्हा लावायचा नाही.

आता उबेचं बघू. बहुतेक ट्रॅक्टरचा पंखा पुढून हवा ओढतो आणि रेडिएटरमधून इंजिनवर मागे फेकतो. ती गरम हवा बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी फुकट जाते. पंख्याच्या मागून डॅशबोर्डपर्यंत दोन्ही बाजूंना जाड कॅनव्हासचे पडदे लावा, की तीच हवा गुडघ्यांवर आणि स्टेअरिंगवरच्या हातांवर येते. अमेरिका-कॅनडात बर्फ ढकलणारे लोकही ट्रॅक्टरला असेच पडदे बांधतात. आपल्याकडे पारा १०-१२ अंशांवर आला तरी हे पडदे आणि समोर एक पारदर्शक शीट एवढ्यावर भागतं. म्हणून आधी पडदे शिवून घ्या, चार पहाटे चालवून बघा, मगच पाइप आणायला जा.

पडदे लावताना पुढची जाळी अजिबात झाकू नका, नाहीतर इंजिन तापेल. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. सायलेन्सरपासून कापड वीतभर लांब हवं, जवळून जात असेल तर मध्ये पत्रा घाला. द्राक्षाची वाळलेली पानं पडद्याच्या आत साठतात, ती रोज काढायची. आग तिथूनच लागते. सायलेन्सर बाजूला किंवा खाली सोडलेला असेल तर धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड वाटलं की तिथेच थांबून खाली उतरा.

चौकटीला २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेजचा (सुमारे १.६ मिमी जाडीचा), पुरतो. मीटरला साधारण सव्वा किलो भरतो, म्हणजे २० मीटर लागला तरी २५ किलोच्या आत. जीपच्या काचा मात्र जड असतात, आणि अरुंद ट्रॅक्टरला वर वजन चढवणं धोक्याचं. काचेऐवजी ४ मिमीचं पॉलीकार्बोनेट, म्हणजे मजबूत पारदर्शक प्लास्टिकची शीट, घ्या. ते उन्हाने पसरतं: पहाटेच्या १० अंशांपासून दुपारच्या ४० पर्यंत मीटरमागे सुमारे २ मिमी. ६ मिमीच्या बोल्टला ९ मिमीचं भोक पाडा, रबरी वॉशर घाला आणि फार आवळू नका. अगदी घट्ट बसवलं की भोकापासून चीर जाते. पेट्रोल किंवा थिनरने तर ते कधीच पुसायचं नाही.

बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारल्यावर शीटवर निळसर पांढरा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसलात तर त्यातला चुना शीट ओरखडतो, आणि सकाळचं तिरपं ऊन पडलं की समोरची ओळ दिसत नाही. आधी भरपूर पाणी ओता, मग ओल्या मऊ फडक्याने पुसा. मोरचूद उघड्या लोखंडाला खातो, तेव्हा वेल्डिंगचे सगळे सांधे प्रायमर मारून बुजवा.

दाराला बिजागरी-कडी नको. दोन्ही बाजूंना वेल्क्रोचे पडदे ठेवा, हात मारला की उघडले पाहिजेत. मागे जाड पारदर्शक प्लास्टिक सोडा, म्हणजे ब्लोअरचे नोझल दिसत राहतात. वरून चार बोटं फट ठेवा, त्याने शीटवर वाफही धरत नाही.

औषधाबाबत कळकळीने सांगतो, या केबिनमुळे मास्क सुटत नाही. युरोपात फवारणीच्या केबिनला ईएन १५६९५ हे मानक आहे. त्यातल्या चौथ्या श्रेणीतच धूळ, तुषार आणि वाफ तिन्ही अडतात, तेही फिल्टर आणि आतून हवेचा दाब ठेवून. आपल्या आडोशात उलट वाफ कोंडते. मास्क, हातमोजे, चष्मा घाला आणि फवारणी झाली की पडदे आतूनही धुवा.

रस्त्यावर नेताना चौकट काढून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. फेब्रुवारीत ऊन चढलं की तशीही ती उतरवावीच लागेल, म्हणून चौकट ट्रॅक्टरला नट-बोल्टवरच बांधा.

बाग मांडवाची की वाय ट्रेलिसची (Y आकाराच्या आधारांवर वेली चढवलेली), ते कळवा. मांडव सहा-सात फुटांवर असेल तर छत जमणार नाही, पुढची शीट आणि बाजूचे पडदे एवढंच करू. सायलेन्सर वर आहे की बाजूला, तेही सांगा, मग पाइपची मापं देतो.