बायपासच्या आधीचे तीन आठवडे

बाबांची बायपास तीन आठवड्यांनी ठरली आहे, तोवर घरी काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझी बायपास होऊन सहा वर्षं झाली. तेव्हा आमचे दिवस रिपोर्ट जमवण्यात गेले आणि ज्याची खरी तयारी करायला हवी होती ते राहून गेलं.

ते म्हणजे श्वास. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, आजच आणा. मला तो ऑपरेशननंतर हातात मिळाला आणि टाके दुखत असताना मी त्यात फुंकत बसलो! त्यात फुंकायचं नसतं, नळीतून हवा सावकाश आत ओढायची आणि चेंडू वर धरून ठेवायचे. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो, त्यातून न्यूमोनियाही होऊ शकतो. बाबांना आत्ताच सवय झाली तर तेव्हा सोपं जाईल. सिगारेट असेल तर आजपासून बंद, एकही नाही.

दुसरं, हात न टेकता उठणं. छातीचं मधलं हाड कापून तारेने जोडतात, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हातांवर भार द्यायचा नाही. कुशीवर वळायचं, उशी छातीशी धरायची, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्या झोक्यात उठून बसायचं. खुर्चीतून उठताना पुढे सरकून, वाकून, मांड्यांच्या जोरावर. रोज दहा वेळा करून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

गोळ्यांची यादी डोससकट सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा, काढे-चूर्णंही त्यात लिहा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या 3-4 दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकतं आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नका. बायपाससोबत हृदयाच्या झडपेचंही काम असेल तर दात आधी तपासून घ्या. छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो.

चालणं डॉक्टर सांगतील तेवढंच. बसल्याजागी छातीत दुखलं, किंवा दुखणं आधीपेक्षा वारंवार येऊ लागलं, तर तारखेची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

आणि बाबांना हे नक्की सांगून ठेवा: शुद्धीवर येताना घशात नळी असेल, बोलता येणार नाही, हातही सैल बांधलेले असू शकतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. आवाज गेला असं वाटून मी फार घाबरलो होतो. एकदा हात दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही, एवढं आपसात आधी ठरवून ठेवा आणि नर्सलाही सांगा.

बाबांना दमा किंवा जुना खोकला आहे का? असेल तर भूलतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा.