मेल आले, पत्ते गेले

प्रश्न : लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून दुकानात दिला. त्याने फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून दिलं. ‘काका, डेटा सगळा घेतलाय’ म्हणाला. डॉक्युमेंट्स आहेत, नातवाचे फोटो आहेत. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड टाकल्यावर जुने मेलही आपोआप आले. पण ॲड्रेस बुक कोरं! आमच्या पेन्शनर मंडळाच्या सभासदांचे दोनशेच्या वर पत्ते त्यात होते. चार दिवस झाले. काही आशा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ‘चार दिवस’ वाचलं आणि अंक छापून येण्याची वाट न बघता यांना त्याच संध्याकाळी कळवलं. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी.

मेल परत आले कारण ते सर्व्हरवर असतात. थंडरबर्ड ते तिथून पुन्हा उतरवून घेतं. ॲड्रेस बुक मात्र, तुम्ही मुद्दाम गूगल कॉन्टॅक्ट्सला जोडलं नसेल तर, फक्त तुमच्या मशीनवर. तेही डॉक्युमेंट्समध्ये नाही, ‘ॲप-डेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात. दुकानदाराच्या भाषेत डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. तो खोटं बोलला नाही.

आता आशेचं. ‘फॉरमॅट मारला’ असं सगळेच म्हणतात, पण पुष्कळदा डिस्क न पुसताच वरून नवं विंडोज टाकलेलं असतं. तसं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ (Windows.old) हा फोल्डर दिसतो. जुनं घर तसंच्या तसं आत. मात्र साधारण दहा दिवसांनी विंडोज तो आपणहून काढून टाकतं, म्हणून माझी घाई. डिस्क क्लीनअपला तोवर हात लावू नका.

फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. मग विंडोज डॉट ओल्ड, यूजर्स, तुमचं नाव, ॲप-डेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं आत आत जा. मध्येच परवानगी मागेल, ‘कंटिन्यू’ म्हणा. शेवटी एक अगम्य नावाचा फोल्डर लागेल, तो तुमचा जुना प्रोफाइल. तो अख्खा आधी पेन ड्राइव्हवर घ्या. त्यात दोन फाइली आपल्या कामाच्या : ‘एबुक डॉट एसक्यूलाइट’ (abook.sqlite) म्हणजे तुम्ही जपलेले पत्ते, आणि ‘हिस्ट्री डॉट एसक्यूलाइट’ (history.sqlite) म्हणजे मेल पाठवताना आपसूक साठलेले. नव्या थंडरबर्डमध्ये ‘हेल्प’ खाली ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून नवा प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा, तिथल्या याच नावाच्या फाइलींची नावं बदलून ठेवा आणि जुन्या आणून टाका. थंडरबर्ड उघडायचं, झालं.

मिरजेच्या काकांचे पत्ते असेच आले, मंडळाच्या ग्रुपसकट.

विंडोज डॉट ओल्ड नसेलच तर काम वेळखाऊ. ‘सेंट’ फोल्डर उघडा; तुम्ही सर्वांना पाठवलेला एखादा सभेचा मेल शोधा. त्यातल्या पत्त्यांवर क्लिक करून एकेक जोडता येतो. कंटाळवाणं आहे, पण दोनशे पत्ते दोन दुपारींत होतात. खातं जीमेलचं असेल तर ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ही बघा, तिथे बरेच पत्ते न सांगता जमलेले असतात.

मी स्वतः याच खड्ड्यात पडलोय. मेलसाठी आउटलुक २००७ होतं. मेल ज्यात साठतात ती पीएसटी फाइल जपून घेतली, कॉलर ताठ. पण ‘टू’मध्ये दोन अक्षरं टाइप केली की जी नावं यायची, ती ‘एनके२’ नावाच्या वेगळ्या फाइलीत असायची. ती गेली. मी कॉन्टॅक्ट कधी सेव्ह केलेच नव्हते. त्या यादीवरच जगत होतो.

पत्ते परत आल्यावर एक्सपोर्ट करून ठेवाल, तेव्हा सीएसव्हीपेक्षा (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) व्हीकार्ड (पत्त्यांसाठीच असलेला फाइलप्रकार) निवडा. सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसू शकतात, आणि तशीच सेव्ह केलीत तर ‘कुलकर्णी’ कोण आणि ‘कांबळे’ कोण, शोधत बसाल.