वाचकांचे प्रश्न : तिसरा प्रभार कुठे ठेवावा?

प्रश्न : ४ आणि १ मायक्रोकूलोमचे दोन धन बिंदुप्रभार ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत. तिसरा प्रभार कुठे ठेवल्यास समतोल साधेल आणि तो ऋणच का असावा लागतो? (बारावीची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. दोन्ही प्रभार जागेवर पक्के बसवलेले असतील, तर कूलोम यांनी १७८५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे चौपट प्रभारापासूनचे अंतर दुप्पट हवे. म्हणजेच मोठ्यापासून २० आणि लहानापासून १० सेंटिमीटर. तिथे तिसरा प्रभार धन असो वा ऋण, दोन्ही बलांत तो सारखाच गुणला जात असल्याने उत्तर बदलत नाही.

तिन्ही प्रभार मोकळे असतील, तर मात्र दोन्ही धन प्रभारांमधील प्रतिकर्षणही तोलावे लागते, आणि ते मधल्या ऋण प्रभाराच्या आकर्षणानेच शक्य आहे. लहान प्रभारावरील मोठ्याचे प्रतिकर्षण ४/९०० (३० चा वर्ग ९००) आणि मधल्याचे आकर्षण, म्हणजे त्याचे मूल्य भागिले १०० (१० चा वर्ग), यांची बरोबरी केली (दोन्हीकडचा समान स्थिरांक गाळून), की उणे ४/९ मायक्रोकूलोम हे उत्तर मिळते. मोठ्या प्रभारावरही हाच आकडा जुळतो, हे आपण अवश्य ताडून पाहावे. हा समतोल अस्थिर असतो : मधला प्रभार लहानाकडे किंचित सरकला, तरी तिकडची ओढ वाढते आणि तो परत येत नाही.